रिमोटवाल्या किल्लीचा तपास

१९ सप्टेंबर २००९, शनिवार, घटस्थापना. झोपायच्या आधी

आजपासून रोजनिशी. नियम तीन. रोज लिहायचं. खरं लिहायचं. आणि मागचं पान उलटून वाचायचं नाही, कारण मोठी माणसं पुढे बघतात.

सध्याची पोझिशन लिहून ठेवतो. रणवीरदादा मस्कतला. नयनावहिनी घरातून ऐंशी डबे करतात, ते मकरपुऱ्याला पंपांच्या कारखान्यात जातात. गाडी वहिनींच्या नावावर. पांढरी पिकअप, रिमोटवाली किल्ली. एकच बटण: दाबलं की लॉक, पुन्हा दाबलं की उघडी, दोन्ही वेळा गाडी टूं करते. मी ट्रान्सपोर्ट बघतो. ड्रायव्हर हा शब्द आबा, म्हणजे आमचे वडील, वापरतात. २०१२ पर्यंत पाच गाड्या. नाव ठरलं आहे, पृथ्वी रोडलाइन्स. बी.कॉम. पहिल्या वर्षाला सोडलं हे कार्डावर छापायची गरज नाही.

आजचा पराक्रम. अनिश या मित्राच्या हरणी भागातल्या सोसायटीत गरबा, बेस्ट ड्रेसला बक्षीस. केडियू, तो गरब्याचा घेरदार अंगरखा, तर सगळेच घालतात. मी म्हटलं, आपण कोण? पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत होते. त्यांची तलवार पुढच्या खोलीत खुंटीवर आहे, लाल मखमली गवसणीत. खंडेनवमीशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही हा आबांचा कायदा. आबा पावणेदहाला झोपतात. कायदाही त्यांच्याबरोबर झोपतो.

बक्षीस दोन वर्षांच्या एका कृष्णाला. तो पूर्ण वेळ रडत होता. सरळसरळ पार्शलिटी.

परत आलो तेव्हा एका हातात मोजड्या, एका हातात तलवार. केडियूला खिसा नसतो. किल्ली दातात धरली तर बटण दाबलं गेलं आणि गाडी दोनदा ओरडली. आबा उठले असते. म्हणून किल्ली गवसणीत टाकली, स्पर्धेचा बिल्ला आधीच तिथे होता, वर गाठ मारली, तलवार खुंटीवर. सकाळी उठल्याबरोबर किल्ली काढणे. महत्त्वाचं. खाली दोन रेघा मारल्या आहेत.

२० सप्टेंबर, रविवार

उठलो साडेबाराला. नवरात्रात शरीराला आराम पाहिजे. उद्यापासून पाचला उठणे, सूर्यनमस्कार बारा.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, भाऊजी, खंडेराव मार्केटमधून कांदेबटाटे आणायचेत, गाडी काढा. किल्ली नेहमीच्या जागी नाही. (नेहमीची जागा अशी नाही, पण तिथेही नाही.) जीन्स पाहिली. टीव्हीवर, फ्रीजवर, गादीखाली. केडियू भाड्याचं, ते अनिशने परत केलं. त्याला फोन लावला तर म्हणे केडियूला खिसाच नसतो, येडा झालास का. पॉइंट बरोबर आहे.

काल घरात कसा शिरलो ते आठवून पाहिलं. रडणारा कृष्ण आठवतो. पुढे सगळं धूसर.

दुसरी किल्ली गेल्या वर्षी पावागडावर गेली. ती मी हरवली असं म्हणता येणार नाही, माकडाने नेली. वहिनी म्हणाल्या, ही शेवटची होती भाऊजी. मी म्हटलं, सकाळपर्यंत काढून देतो. त्यांनी लोडिंग रिक्षावाल्याचा नंबर शोधला. विश्वास आहे त्यांचा माझ्यावर.

२१ सप्टेंबर, सोमवार

पाचला जाग आली होती. डोळे उघडले नाहीत.

डबे लोडिंग रिक्षाने गेले. पंचवीस मिनिटं उशीर, अर्ध्या डब्यांत डाळ भातात. कारखान्याच्या मॅनेजरने वहिनींना फोन केला, बेन, आवुं नहीं चाले, असं चालणार नाही. मी वहिनींना म्हटलं, नवरात्रात माणसं चिडकी होतात, उपास असतात ना.

रखमाबाई मध्ये बोलली. ही वहिनींकडे चार वर्षं पोळ्या लाटते. सकाळी सातला येते, अकराला जाते, त्यात दोनशे पोळ्या. एक पोळी दुसरीपेक्षा मोठी निघत नाही. नवरा नाही, पूर्वी नावाची मुलगी आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. या पोळ्यांवरच मुलगी शिकते आहे, असं वहिनी नेहमी कौतुकाने सांगतात. तर ती म्हणाली, पृथ्वीभाऊ, डोळे मिटून बसा आणि शेवटची कुठं ठेवली ते आठवा, माझं हरवलेलं सगळं असंच सापडतं. मी डोळे मिटून बसलो. दीड तास झोप लागली. त्यात दुपार गेली. या बाईचे सल्ले ऐकायचे नाहीत.

मग किल्लीच्या मोहिमेवर. न्यायमंदिराकडे चावीवाला बसतो. वाटेत सेवउसळ. तिथे अनिश. त्याला नवा मोबाईल घ्यायचा होता, माझं मत पाहिजे होतं. मत द्यायला तीन तास लागले, मोबाईल त्याने घेतला नाही. चावीवाला उठण्याच्या बेतात होता. गाडीचं नाव ऐकून म्हणाला, आ तो चिपवाळी चावी छे, दरवाजो खोली आपुं पण एन्जिन नहीं ऊठे. म्हणजे दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही. मी म्हटलं, ट्राय तर करा. तो म्हणाला, ट्राय करना है तो अपने घर में करो, आणि हसत हसत पेटी बंद केली. या माणसाला पृथ्वी रोडलाइन्सचं काम कधीच देणार नाही.

२२ सप्टेंबर, मंगळवार

महत्त्वाचा दिवस. डिटेक्टिव्हची नजर जन्मजात असावी लागते.

सकाळी सात वाजून पाच मिनिटं. मी पुढच्या खोलीत पांघरुणात. बाई आली. पिशवी नेहमीच्या खुंटीवर टांगली, तलवारीच्याच. बाहेर गाडी टूं. लाइट लुकलुकले.

मी दचकून उठलो. गाडीजवळ कोणी नाही. दरवाजा ओढून पाहिला तर उघडा. देव आहे. आतून आर.सी. बुक काढून घेतलं, म्हणजे शोरूमला लागणारा कागद हातात आला. एन्जिन अर्थात मुकं.

अकरा वाजून दहा मिनिटं. बाईने पिशवी काढली, चप्पल घातली. टूं. दरवाजा लॉक.

आता सांगा. रिमोट दाबल्याशिवाय गाडी ओरडत नाही. म्हणजे रिमोट कोणीतरी दाबतं. म्हणजे रिमोट कोणाकडे तरी आहे. ओरडते कधी, बाई येते तेव्हा आणि जाते तेव्हा. मी काही म्हणत नाही. मी फक्त वेळा लिहून ठेवतो.

आबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, चार वर्षांत त्या बाईने मिठाची चिमूट नेली नाही, तू चार दिवसांत गाडी घालवलीस. आबांचं मन जुन्या काळात राहिलं आहे.

पोलीस चौकीत जाणवाजोग, म्हणजे साधी नोंद, लिहायला गेलो. शोरूमवाले किल्ली हरवल्याची नोंद मागतात म्हणे. हवालदार चांगला होता. कुठे हरवली, विचारलं. मी म्हटलं, हरवली असं नाही, माझ्या मनात एक नाव आहे. तो म्हणाला, नाव असेल तर फिर्याद होते, फिर्यादीला साहेब लागतात, साहेब बंदोबस्ताला गेलेत, बसो. मी अर्धा तास बसलो. मग म्हटलं, हरवली असंच लिहा.

२३ सप्टेंबर, बुधवार

सात वाजून तीन मिनिटं, टूं. अकरा वाजून सोळा मिनिटं, टूं. पॅटर्न पक्का.

अलकापुरीला शोरूम. टाय लावलेला माणूस, ए.सी., फुकट कॉफी. दोन कप घेतले. तो म्हणाला मालक स्वतः पाहिजे. मी म्हटलं मालकच समजा. त्याने आर.सी. उघडलं आणि विचारलं, आप नयनाबेन हैं? बाकीची गिऱ्हाइकं हसली. वहिनींना फोन केला. त्या ऐंशी डबे रिक्षात चढवून, कणकेचे हात तसेच घेऊन, रिक्षाने आल्या, सही केली, लगेच परत गेल्या. टायवाल्याने त्यांना कॉफी विचारली, त्यांनी घेतली नाही. माझी तिसरी झाली.

किल्ली अहमदाबादहून येणार, शनिवारी. गाडी क्रेनने ओढून आणायची, नवी किल्ली गाडीला ओळखवायची. तो म्हणाला, जुन्या जितक्या असतील तितक्या घेऊन या, कारण नवी ओळखवली की समोर नसलेली प्रत्येक किल्ली गाडी विसरते. मी हसलो. चोराच्या हातात नुसतं प्लास्टिक राहणार.

येताना व्हिजिटिंग कार्डांची चौकशी केली. सोनेरी अक्षर चांगलं दिसेल.

२४ सप्टेंबर, गुरुवार

आज मोकळेपणाने लिहितो, कारण काही लोक याचा वेगळा अर्थ काढतील.

बाई सात वाजून दहा मिनिटांनी आली. पिशवी खुंटीवर. टूं. मी तिला आत जाऊ दिलं. लाटण्याचा आवाज सुरू झाला. ती स्वतःचं लाटणं आणते, शिसवी, आमची लाटणी तिला जड पडतात. नऊ वाजता मी पुढच्या खोलीत उभा राहून वहिनींना हाक मारली. आबा आरामखुर्चीत होते. म्हटलं, आता सगळ्यांनी बघा. आणि पिशवी खुंटीवरून काढली.

टूं.

मी नुसतं वहिनींकडे पाहिलं. आबा म्हणाले, बाईमाणसाच्या पिशवीला हात लावू नकोस पृथ्वीराज. पण तोपर्यंत लावला होता. सगळं सतरंजीवर ओतलं. चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला. बी.पी.च्या गोळ्या, अर्धी पट्टी. मुलीचा, पूर्वीचा, पासपोर्ट फोटो. पेपरात गुंडाळलेल्या दोन पोळ्या, त्या वहिनीच रोज बांधून देतात हे नंतर कळलं. कागदाच्या पुडीत मूठभर साखर. मी साखर वर धरली. वहिनी म्हणाल्या, देवीच्या नैवेद्याची आहे, मीच दिली. ठीक आहे. पण आवाज तर सगळ्यांनी ऐकला ना?

रखमाबाई दारात येऊन उभी. हाताला पीठ. मी सभ्यपणे विचारलं, किल्ली अंगावर आहे का. ती म्हणाली, झडती घ्यायची तर घरातल्या सगळ्यांची घ्या, माझ्यापासनं सुरू करा. मग वहिनींकडे पाहून म्हणाली, ताई, तुम्ही काय म्हणता?

वहिनींनी आधी पिशवीकडे पाहिलं. त्यांनाही टूं ऐकू आला होता. मग म्हणाल्या, चुकून कुठे पदरात वगैरे अडकली असेल तर.

बाईने हात धुतले. सामान एक एक करून पिशवीत भरलं. साखरेची पुडी घेतली नाही, सतरंजीवरच ठेवली. एकशे दहा पोळ्या झाल्या होत्या, नव्वद राहिल्या. लाटणं ओट्यावर विसरली.

मी चोर हा शब्द वापरलेला नाही. हे नोंदवून ठेवतो. मी फक्त पुरावा मांडला.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

बाई आली नाही. सात ते अकरा गाडीतून एकही आवाज नाही. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या कोर्टाला लागतो?

वहिनी चारला उठून एकट्या लाटत होत्या. पोळ्या लहानमोठ्या झाल्या. कारखान्यातून तक्रार आली. मी मदत करणार होतो पण आज समाजकार्य होतं. रखमाबाई कोपऱ्यावरच्या निरुपमाकाकूंकडेही धुणंभांडी करते. त्यांना सावध करणं माझं कर्तव्य. काकू म्हणाल्या, अगं बाई, माझी पण एक वाटी मिळत नाहीये. मी म्हटलं, मी काही म्हणत नाही, तुम्ही वेळा जुळवून बघा. संध्याकाळपर्यंत तिथलं काम सुटलं. सेवउसळवाल्याला सांगितलं, त्याची बायको बायकांच्या मंडळात आहे. रात्री गरब्यात आरतीच्या आधी तीनचार कुटुंबांना सांगितलं. लोक माझ्याकडे वळून वळून बघत होते. तलवार नेली होती तेव्हा इतकं कोणी पाहिलं नव्हतं.

दुपारी पूर्वी आली होती. दारातच उभी राहिली. वहिनींना म्हणाली, आई दोन रात्री झोपली नाही, तुमची किल्ली कुठं असेल ते आठवत बसते. एका दिवसाच्या दोन रात्री कशा होतील? खोटं बोलणारी माणसं हिशेबात चुकतात.

लाटणं न्यायला आली होती बहुतेक. न नेताच गेली.

२६ सप्टेंबर, शनिवार

क्रेनच्या मागे गाडी पुढची चाकं वर करून गेली. गल्लीतले सगळे गॅलरीत. मी क्रेनवाल्याशेजारी बसलो आणि हात केला.

शोरूमच्या मेकॅनिकने वायर जोडली, लॅपटॉप उघडला. शेवटचं विचारलं, जुनी किल्ली नक्की मिळणार नाही ना? मिळणार असेल तर थांबू, दोन दिवसांनी केलं तरी चालेल. मी म्हटलं, मिळणार नाही, माणूस सापडला आहे, किल्ली नाही. तो म्हणाला, मग जुनी कायमची गेली समजा. मी कॉलर नीट केली. एक बटण, एक बीप. जुनी मेली, नवी जन्मली.

नवी किल्ली छान आहे. चकाकते. गळ्यात दोरीने बांधली आहे, आंघोळीलाही काढणार नाही. वहिनींना म्हटलं, बघा, आठवड्यात प्रॉब्लेम सॉल्व्ह. वहिनी म्हणाल्या, हो. त्यांच्या हाताला फोड आले आहेत. लाटायची सवय नाही.

पुढच्या आठवड्यात नवीन बाई बघून देतो. माणसाची पारख आहे मला.

२७ सप्टेंबर, रविवार, खंडेनवमी. दुपारी

सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून बसले. पाट मांडला. वहिनींनी विळी, सुऱ्या, झारा, मोठी कढई पुसून ठेवली. रखमाबाईचं लाटणंही ठेवलं. मी गळ्यातली किल्ली काढून पाटावर ठेवली, वर झेंडूचं फूल. खाली ताम्हनात हळदकुंकवाचं पाणी. आबांनी तलवार खुंटीवरून उतरवली.

आणि थांबले. गाठीकडे बघत राहिले. म्हणाले, ही गाठ माझी नाही. माझे वडील सुरगाठ मारायचे, मी तीच मारतो. ही बुटाच्या नाडीची गाठ आहे.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी म्हटलं, आबा, बाई रोज इथेच पिशवी टांगायची.

आबांनी गाठ सोडली. गवसणी उलटी केली. किल्ली ताम्हनात पडली. दादाने मस्कतहून आणलेली पितळी किटलीची कीचेन, आमचीच, शंका नाही.

मी सगळ्यात आधी बोललो. म्हटलं, बघा, इथे लपवली होती. पिशवी वर टांगायची, खाली बटण दाबलं जायचं, टूं. सगळं जुळतं. बाई इतकी हुशार असेल असं वाटलं नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मला वाटलं त्यांना पटलं.

मग आबांनी गवसणी आणखी एकदा झटकली. पुठ्ठ्याचा गोल बिल्ला पडला. हळदीत तरंगला. बेस्ट ड्रेस, स्पर्धक नंबर सतरा, पृथ्वीराज.

कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी उत्तर दिलं असतं. वहिनी उठून आत गेल्या. आबांनी पूजा पूर्ण केली, तलवारीला, विळीला, लाटण्याला. माझी नवी किल्ली पाटावरून उचलून वहिनींच्या सुरीशेजारी सरकवली. म्हणाले, उद्या पहिलं सोनं रखमाबाईंना. घरातल्या थोरांच्या आधी. पाया पडून ये.

जुनी किल्ली पुसून बटण दाबून पाहिलं. गाडी गप्प. ओळखच नाही.

नियम तीन आज अपवाद म्हणून मोडला. मागची पानं उलटली. एकोणीस तारखेला सगळं लिहिलेलं आहे. अक्षर माझंच. खाली दोन रेघाही आहेत. पण झोपेतल्या लिखाणाला माणूस कितपत जबाबदार धरायचा, हा प्रश्न राहतोच.

२८ सप्टेंबर, सोमवार, दसरा

सकाळी आठला निघालो. आपट्याची पानं खिशात. वाटेत फाफडा-जलेबीच्या दुकानाबाहेर रांग. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून रांगेत उभा राहिलो. दोन तास. ओळखीचे लोक भेटले. विचारत होते, ती किल्लीवाली बाई पकडली का? आता चारचौघांत, दसऱ्याच्या दिवशी, सगळं पहिल्यापासून सांगत बसणं प्रशस्त वाटेना. म्हटलं, मिटलं ते. लोक म्हणाले, बरं झालं, अशांना सोडू नये.

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागे तिची खोली आहे. पोचेपर्यंत पाव किलो जलेबीतली निम्मी उरली होती.

पूर्वी दारात. मला पाहून आत हाक मारली, आई, झडतीवाले आलेत. हा टोमणा लहान मुलीला शोभत नाही. कपड्यांवरून ती कुठे तरी कामाला निघालेली दिसत होती. कळलं ते असं की निरुपमाकाकूंनी परत घेतलं नाही, वाटी सापडली तरी. आणखी दोन घरांनी नकार दिला. आता छाणी जकातनाक्याच्या पलीकडे एका लग्नाच्या हॉलवर मायलेकी पोळ्या लाटतात, दोन बस बदलून. पूर्वीने कॉलेज या वर्षापुरतं थांबवलं आहे. मी म्हटलं, अनुभव मिळेल.

रखमाबाईने पाणी दिलं. मी पाया पडायला वाकलो, तिने पाय मागे घेतले, म्हणाली, देवळात जा भाऊ, माझ्या पायात काय आहे. मी सांगितलं की किल्ली मिळाली, घरातच होती, गैरसमज झाला. मिस-अंडरस्टँडिंग. ती म्हणाली, मला ठाऊक होतं घरातच आहे, म्हणून तर तुम्हाला डोळे मिटा म्हटलं होतं. मी लाटणं परत दिलं. तिने ते उजेडात धरून बघितलं. हळदकुंकू लागलेलं होतं. पदराने पुसून टाकलं.

मग मी आपट्याचं पान पुढे केलं. म्हटलं, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. तिने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात मागेच ठेवले. म्हणाली, सोनं तुमच्यापाशीच राहू द्या पृथ्वीभाऊ. उद्या हरवलं तर माझ्या दारात याल.

हसून म्हणाली. म्हणजे मनात काही नाही.

जलेबी तिने ठेवून घेतली नाही. येताना संपवली.

घरी वहिनींना सांगितलं, बाई खूश आहे, पण हॉलवर जास्त चांगलं काम मिळालंय म्हणून येणार नाही. वहिनी म्हणाल्या, मी काल रात्रीच जाऊन आले भाऊजी. दीड तास तिच्या उंबऱ्यावर बसले होते. मला तिने आत घेतलं नाही.

१ ऑक्टोबर, गुरुवार

वेळ कमी आहे, थोडक्यात.

गाडी आता संपतराव चालवतात. एस.टी.तून रिटायर झालेले, आबांच्या ओळखीचे. गाडी चालवताना किल्ली त्यांच्याकडे, नाही तर वहिनींच्या कमरेला. डबे तीन दिवस वेळेवर गेले. तरी कारखान्याने ऐंशीचे पन्नास केले, पोळ्यांमुळे. मॅनेजर म्हणाला, बेन, त्या जुन्या बाईच्या हातची चव पाठवा, मग बघू.

पोळ्या मी लाटतो. पाचला उठावं लागतं, त्यामुळे तो संकल्प पूर्ण झाला असं म्हणता येईल. आज छत्तीस झाल्या. वहिनींनी त्यातल्या नऊ ठेवल्या, बाकी गाईला. आबा म्हणाले, पणजोबा घोड्यावरून लढले, तू पोळपाटावर आडवा झालास.

पृथ्वी रोडलाइन्सची कार्डं छापून आली. शंभर. पेढीचं नाव बरोबर आहे, सोनेरी अक्षर चांगलं आलंय. गरम तव्यावरून पोळी उलटायला एक कार्ड वापरून पाहिलं. सोनेरी अक्षर वितळलं.

तलवार आबांनी त्यांच्या खोलीत नेली. खुंटी रिकामी होती. वहिनींनी माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली, मोबाईल, पाकीट, कंगवा यात ठेवायचा, पिठात हात असताना खिसे नकोत म्हणून. खुंटीवर टांगायची. अकराला बाहेर पडताना उघडून दाखवायची, मग जायचं. मी विचारलं, हे काय नवीन? त्या म्हणाल्या, नवीन नाही, या घरात अशी रीतच आहे भाऊजी, तुम्हीच पाडलेली. नियम सगळ्यांना सारखा.

घरात पिशवी माझ्या एकट्याचीच आहे.

आज दाखवली. त्यांनी आत नीट पाहिलं, कंगवासुद्धा उचलून पाहिला, आणि म्हणाल्या, जा.